सरळ रेषेचे सर

आठवीला गणित शिकवणाऱ्या सरांना एका गोष्टीचा भारी गर्व होता. त्यांच्या वर्गात आलेख कधी वाकडा येत नसे. दोन राशींमधला संबंध शोधायचा, कोष्टक भरायचं, आलेखकागदावर बिंदू मांडायचे आणि पट्टी ठेवून रेघ ओढायची. वर्गात चाळीस मुलं, म्हणून चाळीस कागद, आणि चाळीसही कागदांवर तीच रेघ, त्याच उताराची, कोपऱ्यातून निघून कोपऱ्यात जाणारी. सर ते कागद व्हरांड्याच्या भिंतीवर ओळीनं चिकटवत आणि मधल्या सुट्टीत हात मागे बांधून त्यांच्यासमोरून हळूहळू चालत. चाळीस मुलांना एकसारखंच उत्तर कसं येतं, असा प्रश्न एखाद्या शहाण्या माणसाला पडला असता. सरांना तो अकरा वर्षांत एकदाही पडला नाही.

कुणाचा बिंदू रेषेबाहेर गेलाच, तर सरांकडे त्यावर जालीम उपाय होता. "पुन्हा मोज," एवढंच ते म्हणत. रागावत नसत, बरं का. अगदी प्रेमानं म्हणत. आपण किती शांत शिक्षक आहोत याचंही त्यांना कौतुक होतं.

हा उपाय सगळ्यात जास्त वेळा ज्या मुलीवर झाला, तिला वर्गात सगळे शंकाबाई म्हणत. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. वर्षाच्या सुरुवातीला सरांनी मेणबत्तीचा प्रयोग घेतला होता. दर पाच मिनिटांनी मेणबत्तीची उंची मोजायची आणि कोष्टकात लिहायची. सगळ्यांच्या मेणबत्त्या शिस्तीत जळत होत्या. शंकाबाईची मात्र भराभर ओघळत होती.

"सर, माझी खिडकीजवळ आहे ना, वारा लागतोय तिला. एका बाजूनं जास्त वितळतेय."

"वाऱ्याचा इथे काय संबंध? आपल्या कोष्टकात दोनच रकाने आहेत. वेळ आणि उंची. पुन्हा मोज."

तिनं पुन्हा मोजली. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा तिनं पट्टी मेणबत्तीला लावली, शेजारच्या वहीत डोकावली आणि बरोबर आकडा सांगितला. सर म्हणाले, "शाब्बास! बघ, नीट मोजलं की येतं." तिनं आकडा वहीत लिहिला. सरांना वाटलं, पोरगी सुधारली.

आता सरांची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही त्यांना अगदीच मठ्ठ समजाल. सर हंगामी होते. अकरा वर्षं हंगामी. दरवर्षी शाळा उघडली की एका वर्षाच्या नेमणुकीचं पत्र यायचं, आणि ते येईपर्यंतचे आठ-दहा दिवस सरांच्या घशाखाली घास उतरत नसे. यंदा मात्र शाळेत एक कायम जागा निघाली होती. तिच्यासाठी दोघे जण होते, विज्ञानाचे सर आणि हे. वरून तपासनीस बाई येणार, दोघांचा एकेक पाठ बघणार, फॉर्म भरणार, आणि त्या फॉर्मावर जागा कुणाची ते ठरणार.

सरांपेक्षाही ही जागा त्यांच्या बायकोला हवी होती. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. पहाटेची पाळी. पाचला गजर, साडेपाचला घराबाहेर, आणि दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून मोजणी. दुपारी घरी आली की ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून पडून राहायची. दिवसाची पाळी मागितली तर मिळाली असती, पण त्या पाळीचं काम कमी तासांचं, पगारही कमी, आणि नवऱ्याच्या नोकरीचा भरवसा नाही म्हटल्यावर ती धजत नव्हती.

"तुम्ही कायम झालात ना, की दुसऱ्या दिवशी मी ते गजराचं घड्याळ माळ्यावर टाकणार," ती म्हणायची.

"टाकलंच समज," सर म्हणायचे. आत्मविश्वासाचा तर सरांकडे कधीच तुटवडा नव्हता.

पाठासाठी सरांनी विषय निवडला तो त्यांच्या हातखंड्यातला. स्प्रिंगला पत्र्याचा छोटा डबा टांगायचा, डब्यात पन्नास-पन्नास ग्रॅमची आठ वजनं एकेक करून टाकायची, आणि प्रत्येक वजनाला डबा किती खाली आला ते बाजूच्या पट्टीवर वाचायचं. शाळेची ती स्प्रिंग सरांच्या पूर्ण परिचयाची होती. एका वजनाला दोन सेंटिमीटर. दोन, चार, सहा, आठ, थेट सोळापर्यंत.

आदल्या संध्याकाळी सरांनी ती स्प्रिंग घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या कडीला टांगून रंगीत तालीम केली. आठही वजनांना बिनचूक उत्तर आलं. इथे सरांनी थांबायला हवं होतं. पण त्यांची छाती फुगली. "बघ, काय चिवट माल आहे," असं म्हणत त्यांनी बायकोच्या देखत आपली वह्यांनी भरलेली पिशवी त्या स्प्रिंगला अडकवली. पिशवी खाली आली, आणि स्प्रिंगची झाली सरळ तार.

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, ती पिशव्या टांगायला केली होती का?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानं बंद व्हायची वेळ झाली होती आणि स्प्रिंग काही किराणा दुकानात मिळत नाही. शेवटी बायकोनंच शिवणाच्या डब्यातून नवं कोरं इलॅस्टिक काढून दिलं. सरांनी ते दुहेरी करून टांगलं. पहिल्या वजनाला दोन. दुसऱ्याला चार. तिसऱ्याला सहा, म्हणजे जवळपास सहा. सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वजनं पिशवीत भरायला घेतली.

"अहो, पुढचीही टाकून बघा की."

"अगं, तीन बिंदू एका रेषेत आले ना? मग पुढचे पळून जाणार आहेत का कुठे?"

"आमच्याकडे असं चालत नाही बाई," बायको म्हणाली. "तीन नमुने चांगले निघाले म्हणून चौथा न बघता लिहिला तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

"ते रक्त आहे. हे गणित आहे," सर म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांना फार दिवस आठवत राहिलं, आणि आठवलं की ते एकटेच जिथे असतील तिथे मान खाली घालत.

दुसऱ्या दिवशी वर्ग चकचकीत होता. मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या. तपासनीस बाई मांडीवर फॉर्म घेऊन शेवटच्या बाकावर बसलेल्या. टेबलावर लाकडी स्टँड, स्टँडला इलॅस्टिक, इलॅस्टिकला डबा, बाजूला पट्टी. टेबलाच्या पुढच्या कडेला वह्यांचा गठ्ठा होता. तो उचलून ठेवावा असं सरांना सुचलं नाही.

योजना झकास होती. आठ वजनं, आठ मुलं. एकेकानं पुढे यायचं, वजन टाकायचं, पट्टी वाचायची आणि मोठ्यानं आकडा सांगायचा. सर फळ्यावर कोष्टक भरणार आणि लगेच बिंदू मांडणार. मुलांचा सहभाग म्हणून फॉर्मावर जो रकाना असतो, तो सरांना पाठ होता.

मॉनिटर पहिला आला. "दोन, सर!" सरांनी दोन लिहिलं. "चार, सर!" चार लिहिलं. तिसरी आली, जरा घुटमळली, "सहा, सर." सरांचा खडू रंगात आला होता. पाठ वर्गाकडे, तोंड फळ्याकडे. आठ. दहा. बारा. आकडे कसे टपाटप येत होते! सरांना वाटलं, असा वर्ग नशिबानंच मिळतो. चौदा. शेवटी बाकावरून उठून शंकाबाई आली. सरांचा खडू क्षणभर थांबला, कारण हिचा काही नेम नाही. वजन पडल्याचा आवाज झाला. मग थोडी शांतता. मग ती म्हणाली, "सोळा, सर."

सरांनी आठवा बिंदू मांडला, मोठी लाकडी पट्टी ठेवली आणि खर्रकन रेघ ओढली. आठही बिंदू रेषेवर. मागून तपासनीस बाईंचा आवाज आला, "वा! फारच सुरेख." मुख्याध्यापिका बाई दारातून हसल्या. सर आता कायम झालेच म्हणायचे. हातावरचा खडू झटकत, चेहऱ्यावर विनय आणत ते वळले.

आणि त्यांना डबा दिसला.

डबा टेबलावर टेकला होता. लोंबकळत नव्हता, हलत नव्हता, चांगला ऐसपैस टेबलावर बसला होता. त्याच्या वरचं इलॅस्टिक ताणून ताणून बारीक झालं होतं. स्प्रिंगपेक्षा ते कितीतरी जास्त ताणलं होतं आणि डबा केव्हाच तळाला पोचला होता. पट्टीवर सतराचा आकडा सरांना तीन हातांवरून दिसत होता. सहाव्या वजनालाच टेकला असणार, सरांनी मनात हिशेब केला. म्हणजे पुढची दोन मुलं टेबलावर बसलेल्या डब्यात वजन टाकून, तो दोन-दोन सेंटिमीटर खाली गेल्याचं सांगून गेली होती. आणि त्याआधीच्यांनी तरी कुठे खरं सांगितलं होतं?

तपासनीस बाईंना वह्यांच्या गठ्ठ्यामुळे यातलं काही दिसत नव्हतं. त्या मान खाली घालून फॉर्म भरत होत्या. सरांनी फक्त डबा उचलायचा अवकाश होता. "धन्यवाद मुलांनो," म्हणायचं, डबा पिशवीत, पिशवी खांद्याला. घरी गजराचं घड्याळ माळ्यावर. सरांचा हात डब्यापर्यंत गेलाही. खोटं कशाला बोला, बोटांनी कडी धरलीसुद्धा.

शंकाबाई अजून टेबलाजवळच उभी होती. सरांनी हळूच विचारलं, "तुला सोळा दिसलं?"

तिनं मान हलवली. "नाही, सर."

"मग सांगितलंस का?"

"आता सोळाच यायला हवं होतं ना," ती म्हणाली. टोमणा नव्हता. घाबरलेलीही नव्हती. सरांना नीट समजावून सांगत होती, कारण सरांनीच तिला ते शिकवलं होतं.

अकरा वर्षं मुलांना आपण संबंध शोधायला शिकवतो अशी त्यांची समजूत होती. आणि मुलांनी तो अगदी बरोबर शोधला होता. कुठला आकडा सांगितला की सर खूश होतात, कुठला सांगितला की पुन्हा मोजायला लागतं. वर्गातलं सगळ्यात पक्कं कोष्टक तेच होतं. गाढवा, असं सरांनी स्वतःला म्हटलं. अगदी एकेरीत.

त्यांनी डस्टर घेतलं आणि रेघ पुसली. मग बिंदू पुसले. मग कोष्टकही पुसलं.

"अहो सर, झालं होतं की!" मुख्याध्यापिका बाई दारातून म्हणाल्या.

"पुन्हा मोजायचंय, बाई," सर म्हणाले. वह्यांचा गठ्ठा त्यांनी खाली ठेवला. टेबलाखालचं स्टूल टेबलावर ठेवून त्याच्या कडेला स्टँड चढवला असता, तर डबा टेकला नसता आणि सगळं निभावलं असतं. पण ते काही सरांना सुचलं नाही. इलॅस्टिक सैलावलं होतं, म्हणून त्यांनी पट्टी सरकवून शून्य पुन्हा लावलं आणि मॉनिटरला बोलावलं.

मॉनिटरनं वजन टाकलं. पट्टीकडे बघितलं. मग त्यानं वर सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "दोन?"

"पट्टीवर किती आहे?"

"दोन आणि... तीन बारीक रेघा." पुन्हा चेहऱ्याकडे नजर. "दोनच ना, सर?"

दुसरी आली, तिचंही तेच. पट्टी एक क्षण, सरांचा चेहरा चार क्षण. सरांनी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. भुवया आवळून बघितल्या, ओठ मिटून बघितले. त्यानं पोरगी जास्तच घाबरली आणि म्हणाली, "चार, सर. नाही, पाच. तुम्ही सांगा."

मग सरांनी टेबलावरचं हजेरीपुस्तक उघडलं आणि तोंडासमोर धरलं. पुरतं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. वर्ग खुसुखुसु हसला. तपासनीस बाईंनी पेन थांबवलं.

"सर, हे काय चाललंय?"

"बाई," हजेरीपुस्तकामागून सर म्हणाले, "ही मुलं पट्टी वाचत नाहीत, माझं तोंड वाचतात. मीच लावलीय सवय. म्हणून तोंड काढून ठेवलंय." आणि मग मुलांना, "चला, सांगा."

मग एक आवाज आला, "चार पॉइंट आठ." मग "आठ." मग "साडेअकरा! सर, हे दोनदोननं नाही वाढत, जास्तच वाढतंय!" पुस्तकातल्या उपस्थितीच्या खुणा नाकाला टेकवून उभ्या असलेल्या सरांना आवाज ओळखता येत नव्हते, कारण अशा आवाजात ही मुलं त्यांच्या तासाला कधी बोललीच नव्हती. पंधरा. साडेसोळा. मग पुन्हा साडेसोळा. शेवटी शंकाबाई आली, आणि या वेळी ती थांबली नाही. "साडेसोळाच, सर. डबा टेकलाय. आता किती पण वजन टाका, तेवढंच येणार."

"मग आलेख कसा दिसेल?"

"आधी चढेल, भराभर. मग आडवा झोपेल."

घंटा झाली तेव्हा फळ्यावर वाकडा, चढून आडवा पडलेला आलेख होता आणि मुलं टेबलाभोवती गोळा झाली होती. इलॅस्टिक आधी का कमी ताणलं आणि नंतर का जास्त, यावरून जुंपली होती. तपासनीस बाई फॉर्म घेऊन सरांजवळ आल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पेन एका ओळीवर टेकवलं. तिथे छापलेलं होतं, 'अपेक्षित निष्कर्ष निघाला का?' पुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

"मी मघाशी हो केलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तसंच ठेवू का?"

मुलं भांडण सोडून फॉर्मकडे बघत होती. सरांना बायकोचे लाल डोळे आठवले आणि खरोखर रडू आलं.

"बाई, आम्ही खरं मोजलंय," शंकाबाई मधेच म्हणाली. "ते कुठे लिहायचं?"

बाईंनी फॉर्म वरपासून खालपर्यंत बघितला. उलटून मागची बाजूही बघितली. "त्याला रकाना नाहीये गं," त्या म्हणाल्या.

"नाही करा, बाई," सर म्हणाले.

बाईंनी हो खोडलं आणि नाहीवर खूण केली.

जागा विज्ञानाच्या सरांना मिळाली. त्यांचा पाठ तालमीत झाला तस्साच झाला होता. सरांनी बायकोला सगळं सांगितलं, अगदी कडी धरलेल्या बोटांपासून. तिनं ऐकता ऐकता डोळ्यांवरचा ओला रुमाल काढला. मग म्हणाली, "बरं केलंत. आमच्याकडे असं कुणी दडपून लिहिलं असतं तर पेशंट जिवानिशी गेला असता." आणि दिवा मालवताना म्हणाली, "पण अहो, पुसायचंच होतं तर पुढच्या वर्षी पुसायचं ना!" दोघेही हसले. मग तिनं पाचचा गजर लावला, आणि सरांना बराच वेळ झोप आली नाही.

शाळा उघडल्यावर बाराव्यांदा एका वर्षाचं पत्र आलं. सरांनी सही केली. तीच मुलं आता नववीत आली होती आणि सरांनाही नववी मिळाली होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी टेबलावर पाण्याचं पातेलं ठेवलं, गरम पाणी किती वेळात किती निवतं ते मोजायला. मुलं तापमापकाभोवती जमली. एक वाचत होता, दुसरी लिहीत होती, तिसरा तिचं चुकलं म्हणून भांडत होता. सर टेबलाशेजारी उभे होते. हजेरीपुस्तक काखेत होतं, पण ते तोंडासमोर धरायची गरजच पडली नाही. त्यांनी भुवया उंचावून बघितल्या. खाकरूनही बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. सर एकदा हसले, एकदा त्यांचे डोळे भरून आले, तेही कुणी बघितलं नाही. त्यांना फार बरं वाटलं. आणि थोडं वाईटही वाटलं.